समजा, कुंजीर सरांची पँट क्ष आहे

कुंजीर सरांच्या पँटचा विषय शाळेत कोणी काढत नसे. कुंजीर सरांचं मत मात्र असं होतं, की शाळेत दुसरा विषयच नाही.

शाळा सदाशिव पेठेतली, कर्णबधिर मुलांची. एका बाजूला डोळ्यांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षांचा क्लास आणि मध्ये ही दोन मजली इमारत. फाटकावर शिपायाने पाटी लावली आहे: 'आत कोणाला ऐकू येत नाही. हॉर्न वाजवून स्वतःलाच त्रास होईल.' पाटी वाचून लोक हसतात आणि हॉर्न वाजवतात.

वैजनाथ कुंजीर या शाळेत गणित शिकवायचे. माणूस हडपसरजवळच्या मांजरी गावचा, घरचा ऊस. गणिताची पदवी घेतल्यावर ऐकणाऱ्या मुलांच्या शाळांत कुठेच डाळ शिजेना, तेव्हा विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करून ते इथे चिकटले. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. पुढे एका वर्तमानपत्रात त्यांची मुलाखत छापून आली, त्यात मात्र ती लहानपणापासूनच डोक्यात होती असं निघालं.

नोकरी लागली तेव्हा वडील तात्याराव त्यांना हडपसरच्या एका शिंप्याकडे घेऊन गेले आणि दोन पँटी शिवायला टाकल्या. शिंप्याने माप घेतलं, तात्यारावांनी ते रद्द केलं. "कंबरंत सैल ठेव," ते म्हणाले. "पोरगं मास्तर झालंय. बसून खाणार, भरणार." शिंप्याने सैल ठेवली. पोरगं भरलं नाही. बसून खाण्याच्या नोकरीत दिवसभर उभं राहावं लागतं, हे तात्यारावांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्या काळी शाळेत खुणांना बंदी होती. मुलांनी बोलायला शिकायचं आणि समोरच्याचे ओठ वाचायचे, असं शास्त्र होतं. हात हलला की बाई म्हणत, हात खाली. मुलं हात मांडीखाली दाबून बसत आणि टक लावून सरांचे ओठ वाचायला बघत. आता सरांच्या ओठांवर होती मिशी. साधीसुधी नाही, कुंजिरांची. ती वरच्या ओठावर उगवून खालच्याही ओठाची विचारपूस करायची. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "जरा कातरा हो, मुलांना दिसत नाही." सर म्हणाले, "बघतो." आणि त्यांनी बघितलं, आरशात, आणि मिशी आणखी वाढवली. मुलांना तासभर एवढंच दिसायचं, की एक काळं झाकण फडफडतंय.

पण मुलं बेरकी असतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही ती डोळ्यांनी जास्तच बेरकी होतात. झाकणाचा नाद सोडून त्यांनी उरलेल्या कुंजीर सरांकडे बघायला सुरुवात केली. त्यांना एक गोष्ट दिसली. सर फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात 'समजा, क्ष ही संख्या' असं लिहायला हात उंच करत. हात वर गेला की शर्ट वर जाई आणि पँट खाली. मग सर वर्गाकडे वळत. एका हातात खडू, दुसऱ्या हातात डस्टर, पँटला हात लावायची सोय नाही. मग ते दोन्ही कोपरं कमरेला घासून वर ओढत, खांदे कानांपर्यंत नेत, टाचा उचलत आणि पँट जागेवर बसवून मिशी फडफडवत म्हणत, "समजा, क्ष."

बेरजेला हे होत नसे, अपूर्णांकांना होत नसे. फक्त क्ष आला की होई. वर्गाने जो निष्कर्ष काढला तो कोणत्याही शास्त्रज्ञाने काढला असता. फळ्यावरच्या त्या चिन्हाला सर असं म्हणतात.

सरांनी दुसराच निष्कर्ष काढला. पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला कोपरं कमरेला घासून दाखवत होता आणि दोघं हसत होते. सरांना शिक्षकांच्या खोलीत कळलं होतं, की ही मुलं प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवतात आणि ठेवताना मुलाहिजा बाळगत नाहीत. मुख्याध्यापिका म्हणजे डोक्यामागचा अंबाडा, चित्रकलेचे गुरुजी म्हणजे गालावरचा मस, शिपाई म्हणजे लंगडणं. तेव्हा सरांना कळून चुकलं, की आपण म्हणजे पँट. त्या दिवशी ते मान खाली घालून घरी गेले आणि रात्री जेवले नाहीत.

लग्नात सासऱ्यांनी चामड्याचा पट्टा दिला. घड्याळ दिलं असतं तरी चाललं असतं, पण पट्ट्याने सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरच्यांना वाटलं, जावई हळवा आहे. त्या दिवसापासून पँट जी वर गेली ती खाली आली नाही. पुढे भाकीत खरं ठरून सर भरलेसुद्धा. पण खूण गेली नाही. वर्गात त्यांनी समीकरण मांडलं की समोर कोपरं हलत. व्हरांड्यात हलत, सहलीला सिंहगडावर हलत. सर दिसले न दिसल्यासारखं करत आणि आपण गेल्यावर काय काय बोललं जात असेल याची कल्पना करत ताठ चालत पुढे जात. मुलांना दिवसभर बोलायला आपल्याशिवाय दुसरा विषय असू शकतो, हे त्यांना कधी सुचलं नाही. मोठ्या माणसांना ते सहसा सुचत नाही.

मध्ये बरंच काही बदललं. खुणांवरची बंदी उठली आणि ज्या बाई हात खाली म्हणत त्याच हात वर म्हणू लागल्या. सरही खुणा शिकले. त्यांच्या खुणा मांजरीच्या होत्या, बांधावरून लांबच्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्या. मुलं त्या संपेपर्यंत वाट बघत. पुस्तकंही बदलली. एका वर्षी क्ष जाऊन तिथे एक्स आला. शिक्षकांनी सभेत वाद घातले, पालकांनी निवेदनं दिली. मुलांनी नवीन अक्षर बघितलं, हा तोच गृहस्थ आहे हे ओळखलं आणि कोपर कमरेला घासलं.

यंदा सर निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी गणित घेणार होती अक्षता. ही याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. कसबा पेठेतल्या तांबटांची मुलगी. त्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या हातोड्यांचा आवाज झेलून सगळेच थोडे बहिरे, त्यामुळे हिला अजिबातच ऐकू येत नाही हे घरच्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. ती शाळेत आली तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला एकही भाषा येत नव्हती. आज ती गणितात पदवीधर होती आणि सरांपेक्षा बरं शिकवायची. हे सर तिच्या तोंडावर मान्य करत नसत, आणि खुणांच्या भाषेत सगळं तोंडावरच बोलावं लागतं, म्हणून ते कधी मान्य झालंच नाही.

अशा वेळी शेफाली आली. एका संस्थेचं काम होतं: गणिताचा खुणाकोश. राज्यभरच्या कर्णबधिर शाळांत गणितासाठी कोण काय खुणा करतं ते बघायचं, त्यातली एकेक पक्की करायची, तिचं चित्रीकरण करायचं आणि सगळ्या शाळांना पाठवायचं. शेफाली तरतरीत होती, तिला ऐकू येत होतं, खुणाही छान येत होत्या, आणि तिला शाळेतलं सगळंच आवडत होतं. "सर, किती ऑथेंटिक आहे ना हे," ती गळक्या नळाकडे बघूनसुद्धा म्हणाली.

बेरीज झाली, वजाबाकी झाली, वर्गमूळ झालं. मग शेफालीने विचारलं, "एक्सला काय करता? आम्ही हे ठरवतोय." आणि तिने दोन तर्जन्या एकमेकींवर फुलीसारख्या ठेवल्या.

अक्षताने मान हलवली आणि उजवं कोपर कमरेला घासून वर नेलं.

कुंजीर सर खुर्चीत होते. त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "ती घ्यायची नाही," ते म्हणाले, तोंडाने आणि हातांनी दोन्हीकडून.

"का सर?" शेफालीने विचारलं.

"असभ्य आहे."

अक्षताने स्वतःच्या कोपराकडे बघितलं. त्यात असभ्य काय आहे हे तिला सापडलं नाही. पण मुख्याध्यापिकाबाईंनी शेफालीला आधीच सांगून ठेवलं होतं, की गणितातलं कुंजीर सर म्हणतील तसं. शेफाली म्हणाली, "ठीक आहे सर, मग आमचीच ठेवू. गुरुवारी शूट करू." त्या संध्याकाळी सर जरा हलके होऊन घरी गेले. कोकणापासून चंद्रपूरपर्यंतची मुलं, ज्यांनी वैजनाथ कुंजीर कधी बघितला नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या त्याची पँट वर ओढत राहणार, हे संकट टळलं होतं. माणसाने एवढी वर्षं नोकरी करून मागे काय ठेवायचं, याबद्दल सरांच्या काही अपेक्षा होत्या.

दुसऱ्या दिवशी अक्षताने सरांना आठवीच्या वर्गात बोलावलं. दाराशी उभं केलं आणि म्हणाली, "नुसतं बघा." मग तिने मुलांना नवी फुलीची खूण सांगितली आणि एक उदाहरण घातलं: एक्स गुणिले एक्स. गुणाकाराची खूण शाळेत पहिल्यापासून फुलीच होती. 'चूक' हीसुद्धा फुलीच, फक्त जराशी झटका देऊन. अक्षताने फुली केली, पुन्हा फुली केली, पुन्हा फुली केली. पहिल्या बाकावर तेजस्विनी नावाची मुलगी होती, दोन वेण्या आणि कपाळाला आठी. तिने बाईंच्या हातांकडे बघितलं आणि आपल्या पाटीवरचं सगळं गणित पुसून टाकलं.

"का पुसलंस?" अक्षताने विचारलं.

"तीनदा चूक म्हणालात," तेजस्विनी म्हणाली. "एकदा म्हणाला असतात तर तपासून बघितलं असतं."

"सवय होईल," सर दारातून म्हणाले.

अक्षता त्यांना बाहेर घेऊन आली. तिचे हात नेहमी शांत असत, त्या दिवशी नव्हते. "सवय कशाचीही होते सर. मला बोलायच्या तासाला कानाला लावत त्या हेडफोनची झाली होती, उपयोग शून्य. पण आपल्याकडे चांगली खूण आहे. मी इथे आले तेव्हा मला दोन खुणा येत होत्या. आहे आणि नाही. पाणी आहे, पाणी नाही. आई आहे, आई नाही. जे माहीत नाही ते माझ्यासाठी नाहीच होतं. मग आठवीत ही मिळाली. माहीत नाही, पण आहे. हातात धरता येतं, त्याच्यात तीन मिळवता येतात. मला त्या दिवशी वेड लागायचं बाकी होतं. तुम्ही ती का काढताय? मला कारण सांगा, मी गप्प बसते."

सरांकडे कारण होतं. ते सांगायचं म्हणजे कोपरं कमरेला लावावी लागली असती. "मी ज्येष्ठ आहे," ते म्हणाले.

अक्षता म्हणाली, "मग मी काय शिकवू ते ज्येष्ठांनी सांगावं." आणि वर्गात निघून गेली. सरांना वाईट वाटलं. ही मुलगी त्यांना आवडायची, पोटच्या पोरीसारखी, आणि आपण तिला तोडून बोललो हे त्यांना टोचत राहिलं. पण पँट ती पँट.

मांजरीला सरांचं घर आता आठव्या मजल्यावर होतं. लहानपणी ज्या उसात लपायचे तिथेच बिल्डरने तीन इमारती उभ्या केल्या होत्या आणि त्यातला एक फ्लॅट कुंजिरांच्या वाट्याला आला होता. सरांच्या आई सोजरबाई संध्याकाळी खाली फाटकापाशी बाकावर बसत आणि कोण आलं, कोण गेलं याची वॉचमनपेक्षा चांगली नोंद ठेवत. त्या दिवशी सर त्यांच्या शेजारी येऊन बसले. समोर एक जेवण पोचवणारा पोरगा दुचाकीवर बसून मोबाइलच्या पडद्याकडे बघत हात हलवत होता. तो चेतन होता. सरांचाच विद्यार्थी, दहाएक वर्षांपूर्वीचा. पडद्यावर त्याची बायको होती, तिलाही ऐकू येत नव्हतं, आणि ती काहीतरी विचारत होती. चेतनने कोपर कमरेला घासून वर नेलं.

सर उठले. शाळेत ते गप्प बसले असते, पण हे त्यांच्या स्वतःच्या फाटकापाशी होतं, आईच्या देखत. ते तरातरा गेले आणि चेतनच्या समोर उभे राहिले.

"पुरे झालं आता," ते म्हणाले. "शाळा सोडून दहा वर्षं झाली तुला. बायकोलाही सांगतोस?"

चेतनने आधी सरांच्या पाया पडायला वाकून घेतलं आणि मग विचारलं, "काय सांगतो?"

सरांनी इकडे तिकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती खूण स्वतः केली, अगदी चोरून.

"एक्स?" चेतन म्हणाला.

"एक्स नाही. मी. माझी पँट."

चेतनने सरांच्या पँटकडे बघितलं. पट्टा जागेवर होता, चेन लागलेली होती. "पँटला काय झालंय?" त्याने काळजीने विचारलं.

मग त्याने समजावून सांगितलं, सर त्याला समजावत तितक्याच सावकाश. बायको विचारत होती, घरी कधी येणार. एक ऑर्डर बाकी होती. तिथे लिफ्ट असेल का, वॉचमन सोडेल का, गिऱ्हाईक दार उघडेल का, देव जाणे. "माहीत नाही म्हटलं की ती चिडते," चेतन म्हणाला. "तिला वाटतं मला काही पडलेलंच नाही. एक्स म्हटलं की तिला कळतं, वेळ आहे, एकच आहे, अजून सापडायची आहे. ऑर्डर झाली की मी ती वेळ सांगणार. मग ती तोवर पीठ मळून ठेवते. शाळेतले आम्ही सगळे असंच बोलतो सर. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट उद्या, तरी एक्स. पोरगा होईल का पोरगी, एक्स."

"तुला कोणी शिकवली?"

"हॉस्टेलच्या मोठ्या पोरांनी."

"त्यांना?"

चेतनने हात पसरले. माहीत नाही. साधं, सरळ, गणित नसलेलं माहीत नाही.

सरांनी विचारलं, "माझं नाव काय मग?"

चेतन लाजला. सरांनी डोळे वटारल्यावर त्याने तर्जनी नाकाखाली आडवी धरली आणि सुरवंटासारखी वळवळवली.

सरांना ही खूण माहीत होती. मुलं ती सतत करत, सर वर्गात शिरताना तर हमखास. त्यांची समजूत होती, की तिचा अर्थ सर्दी. त्यांनी कित्येक बॅचना हळद घालून दूध प्यायला सांगितलं होतं. पावसाळ्यात तर अख्ख्या वर्गाला वाफ घ्यायला लावली होती. मुलंही गुणी, निमूट वाफ घेऊन आली होती.

चेतन निघून गेला. सर बाकावर येऊन बसले. सोजरबाई म्हणाल्या, "काय म्हनत व्हतं ते पोरगं?"

"काही नाही. पूर्वी माझी पँट गळायची, आठवतं का?"

"आठवतं की. लई वंगाळ दिसायचं," सोजरबाई म्हणाल्या. "तुज्या बापाची हौस. म्या सांगितलं व्हतं, ह्यो काय भरत न्हाई. आता बग, पट्ट्याच्या वर आलायस. दोनी पँटी चांगल्या व्हत्या, म्या पिशव्या शिवल्या त्यांच्या."

सरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आधी राग आला, की एवढी वर्षं उगाच पट्टा करकचून आवळला. मग रागाच्या खाली आणखी काहीतरी निघालं आणि ते सकाळपर्यंत चांगलंच फुगलं. डॉक्टरचा रिपोर्ट, घरी यायची वेळ, पोटातलं पोर, हे सगळं हजारभर माणसं ज्यात धरून ठेवत होती ती त्यांची पँट होती. शाळेत कोणी कोणाला सांगितलं नाही, जुनी मुलं पांगली, पट्ट्याने पुरावा नष्ट केला, आणि आता जगात कोणालाच माहीत नाही, की हे वैजनाथ कुंजिराचं देणं आहे. गुरुवारी एक तिऱ्हाईत मुलगी कॅमेरा घेऊन येणार आणि आपलं नाव कुठेच नसणार, हे सरांना एकाएकी असह्य झालं.

शाळेत पोचल्या पोचल्या त्यांनी अक्षताला गाठलं. "ती खूण घ्या."

अक्षताचा चेहरा उजळला. "असभ्य होती ना?"

"मी अभ्यास केला. नाहीये," सर म्हणाले. "उगम मी सांगेन. कॅमेऱ्यासमोर, साग्रसंगीत."

बुधवारी ते लक्ष्मी रस्त्यावर गेले आणि एका दुकानात पँट मागितली. घालून बाहेर आले. दुकानदार पेपर वाचत होता, त्याने चष्म्यावरून बघितलं. "मोठी होतेय तुम्हाला."

"व्हायलाच हवी. याहून मोठी आहे?"

"आहे," दुकानदार म्हणाला. "एकट्यासाठीच हवी आहे ना?"

गुरुवारी आठवीच्या वर्गात दिवे लावले होते, शेफाली कॅमेऱ्यामागे होती, अक्षता खिडकीपाशी. कुंजीर सर आले ते पट्टा न लावता, एका हाताने कंबर धरून. त्यांनी शेफालीला हळूच सांगितलं, की ही मूळ खूण आहे, अस्सल, बघून घ्या. शेफाली म्हणाली, "वॉव सर." सरांनी एका हातात खडू घेतला, दुसऱ्या हातात डस्टर. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात हात उंच करून 'समजा, क्ष' असं लिहिलं. पँट घसरली, ठरवली होती त्याहून थोडी जास्तच. सर वर्गाकडे वळले. दोन्ही कोपरं कमरेला घासून वर, खांदे कानांपर्यंत, टाचा उचललेल्या, मिशी फडफडलेली. पहिल्या वर्षीच्या पहिल्या तासासारखं सगळं जसंच्या तसं जमलं होतं, आणि ते तसेच टाचांवर थांबले.

वर्गात कोणी हसलं नाही. तेजस्विनीच्या कपाळावरची आठी मात्र खोल झाली. ती उठून पुढे आली आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, ही पँट झाली," ती म्हणाली. "एक्स असा." आणि तिने उजवं कोपर कमरेला हलकेच घासून वर नेलं, इतकं सहज की डोळ्यांची पापणी लवावी.

सरांनी पुन्हा केलं.

"नाही. खांदे नको. टाचा खाली ठेवा." तिने त्यांचं कोपर धरून त्यांना दाखवलं, किती वर आणि किती नाही. मागच्या बाकांवरची मुलंही माना हलवत होती, एवढं साधं सरांना कसं येत नाही म्हणून. "आता बरं," तेजस्विनी म्हणाली, आणि सरांना ते बरं फक्त उत्तेजनार्थ आहे हे कळलं. असलं बरं त्यांनी स्वतः आयुष्यभर वाटलं होतं.

"सर, तेजस्विनीचीच घेऊ का?" शेफाली म्हणाली. "तुमची जरा मोठी होतेय. फ्रेममध्ये बसत नाही."

तेजस्विनीची घेतली. एकदाच करावी लागली. मग शेफालीने अक्षताला विचारलं, "आणि ही आली कुठून? उगम काय लिहू?"

अक्षताने सरांकडे बघितलं. सांगणार होते ते. खडू-डस्टर टेबलावर ठेवून सरांचे दोन्ही हात आता पँट धरण्यात गुंतले होते, त्यामुळे हातांनी बोलायची सोय नव्हती. पण तोंड होतं, आणि शेफालीला ऐकू येत होतं. त्यांनी तोंड उघडलं. समोर तेजस्विनी त्यांच्या मिशीकडे टक लावून बघत होती, खाली काय हलतंय ते वाचायची खटपट करत. हिला सांगायचं, की तू आत्ता जे केलंस ती एका माणसाची गळणारी पँट आहे? मग ती दर वेळी कोपर वर नेताना पँट बघणार. सरांना ते जिवावर आलं. त्यांनी तोंड मिटलं, आणि मिटताना त्यांना रडू आल्यासारखं झालं.

अक्षताने क्षणभर वाट बघितली. मग ती शेफालीकडे वळली आणि उगमाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तिने कोपर कमरेला घासून वर नेलं. आहे. एकच आहे. अजून सापडायचा आहे.

"परफेक्ट," शेफाली म्हणाली.

सगळी पांगापांग सुरू झाली तेव्हा सरांनी खडू आणि डस्टर उचलायला हात पुढे केले, आणि पँटने संधी साधली. त्यांनी घाईने दोन्ही कोपरं कमरेला घासली, टाचा उचलल्या, पँट वर घेतली. तेजस्विनीने ते बघितलं. तिने शेजारच्या मुलीला कोपराने डिवचलं, नाकाखाली बोट आडवं धरून वळवळवलं, मग दोन्ही हातांनी स्वतःच्या कमरेपासून पायांपर्यंत काहीतरी घसरत गेल्याचं दाखवलं, आणि दोघी बाकावर डोकं टेकून हसत सुटल्या.

तीस वर्षांत कुंजीर सरांच्या पँटचा विषय शाळेत पहिल्यांदाच निघाला होता.